बांधायचं किती, सोडायचं कधी

सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून निघालेल्या जलद लोकलमध्ये दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे हात पाहावेत. एक हात वरच्या कडीला, त्याचं कोपर जवळजवळ सरळ. दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली सॅक, ते कोपर काटकोनात. फोन वाजला की तोच हात कानाशी जातो आणि कोपर पुरतं मिटतं. ठाणं येईपर्यंतच्या वीस-पंचवीस मिनिटांत हा सांधा किती वेळा उघडला-मिटला, याकडे कुणाचंच लक्ष नसतं. ते जातं कोपर मोडल्यावर. आणि त्याहून जास्त जातं हाड जुळून प्लास्टर निघाल्यावर, जेव्हा हात कडीपर्यंत पोचत नाही आणि घास तोंडापर्यंत येत नाही.

कोपर हा हट्टी सांधा आहे. दंडाचं हाड खाली रुंद होत जातं आणि त्याच्या टोकाला एक भाग रिळासारखा, दुसरा गोटीसारखा असतो. कोपराखाली दोन हाडं असतात, अल्ना आणि रेडियस. अल्नाच्या वरच्या टोकाची खोबण त्या रिळाला पान्यासारखी पकडते. आपण टेबलावर टेकवतो ते टणक टोक या पान्याचंच. शेजारी रेडियसची चकतीसारखी टोपी गोटीवर गोल फिरते, म्हणून कुलपात किल्ली फिरवता येते. तिन्ही हाडं एकाच आवरणात इतकी चपखल बसलेली असतात की आत बारीकशी पायरी राहिली तरी बिजागरी कुरकुरते. आतल्या अंगाला कातडीखालून मज्जातंतू जातो. कोपर कशाच्या कडेला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात त्या याच्यामुळे. पुढून हाताची मुख्य रोहिणी जाते. एवढ्या दाटीत हाड मोडलं की वैद्यापुढे पेच उभा राहतो. हाड जुळायला ते हलता कामा नये, आणि सांधा शाबूत राहायला तो हलला पाहिजे. मोठ्या माणसाचं कोपर तीन-चार आठवडे नुसतं बांधून ठेवलं तरी आखडतं.

म्हणून या सांध्याच्या उपचारांचा सगळा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरत आला आहे: बांधायचं किती आणि सोडायचं कधी? ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या रेल्वेच्या पट्ट्यात या प्रश्नांची उत्तरं दीडशे-पावणेदोनशे वर्षांत कशी बदलली, ते पाहताना आधी थोडं मागे जावं लागतं.

कोपर हा शब्द संस्कृत ‘कूर्पर’वरून आला, आणि सुश्रुतसंहितेत या कूर्पराची स्वतंत्र दखल आहे. निखळलेलं कोपर कसं बसवावं हे सांगताना संहिता अंगठ्याने सांधा चाचपायला सांगते, मग दाबून जागेवर आणायला, आणि त्यानंतर हात पसरून-आखडून पाहायला व तेलाचं सिंचन करायला सांगते. हाडं मोडण्याचे बारा आणि सांधे निखळण्याचे सहा प्रकार तिथे नोंदवले आहेत. मोडलेल्या हाडाला आधार द्यायला मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या वापराव्यात, असं सांगून ठेवलं आहे. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण हवेत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीनच दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधायची, असा हिशेबही आहे.

पण आजच्या अस्थिरोगतज्ज्ञालाही थांबून वाचाव्याशा वाटतील अशा दोन गोष्टी त्यापुढे येतात. पट्टी फार सैल असेल तर सांध्याला स्थैर्य येत नाही, फार घट्ट असेल तर सूज, वेदना आणि पू होतो, अशी बजावणी एका ठिकाणी आहे. दुसऱ्या ठिकाणी हाताला पुन्हा बळ कसं आणायचं याचा क्रम आहे: आधी मातीचा गोळा धरायला द्यायचा, मग मिठाचा खडा, आणि जोर आल्यावर दगड. हलक्यापासून जडाकडे जाणारा व्यायाम हा पुनर्वसनाचा पाया आहे, आणि तो इथे तीन वस्तूंत मांडलेला आहे.

पुढच्या शतकांत हे ज्ञान ग्रंथांपेक्षा माणसांच्या बोटांत राहिलं. ठाणे जिल्ह्यातल्या आगरी, कोळी, कुणबी वस्त्यांत हाड बसवणारी घराणी असत. गावोगावच्या तालमींतले वस्तादही निखळलेला खांदा, मुरगळलेला पाय, सरकलेलं कोपर बसवत. आजोबांनी नातवाला, चुलत्याने पुतण्याला शिकवलेली ही विद्या. डोळे मिटून सूज चाचपायची, हाडाचं टोक कुठे आहे ते बोटांनी ओळखायचं, रोग्याला बोलण्यात गुंतवून एका झटक्यात ओढायचं. वर मैदालकडी, आंबेहळद यांचा लेप, त्यावर फडकं, बांबूच्या कामट्या आणि दोरी. पैसे थोडे, कधी नुसता नारळ. हाडवैद्य आपल्या बोलीत बोलायचा आणि हाक मारली की यायचा. सरकारी दवाखाना दहा-वीस कोसांवर असलेल्या काळात लोकांचा त्याच्यावर विश्वास होता, यात नवल नाही.

मनगट, बोटं, नडगी अशा जागी त्यांचा हात पुष्कळदा चालून जाई. कोपराशी मात्र तीच रीत घात करायची. झाडावरून पडलेल्या सहा-सात वर्षांच्या पोराचं कोपर टम्म सुजलेलं असतं, मोडलेल्या हाडाचं टोक पुढच्या रोहिणीवर टेकलेलं असतं, आणि त्यावर कामट्या आवळल्या की कोपराखालच्या स्नायूंचं रक्त बंद होतं. सहा तासांच्या आसपास स्नायू कायमचे मरू लागतात. महिन्याभराने कामट्या सुटतात तेव्हा बोटं आत वळून ताठ झालेली असतात आणि मूठ उघडत नाही. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने 1881 मध्ये या विकृतीचं कारण सांगितलं: आवळलेल्या पट्टीमुळे स्नायूंना रक्त न मिळणं. जगभर तिला आजही त्याच्या नावाने ओळखतात. तो ज्या पट्ट्यांबद्दल लिहीत होता त्या डॉक्टरांनी बांधलेल्या होत्या. घट्टपणाचा दोष हाडवैद्याच्या एकट्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. प्लास्टरनेही तेच केलं आहे.

प्लास्टर आणि आगगाडी हे जवळजवळ जुळे म्हणावेत असे. अँटोनियस माथाइसेन या डच लष्करी डॉक्टरने प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी 1852 मध्ये जगापुढे ठेवली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी 34 किलोमीटर धावून ठाण्याला पोचली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला गेले. पहिल्या गाडीच्या आठ वर्षं आधी, 1845 मध्ये, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जमशेदजी जीजीभाई रुग्णालय सुरू झालं होतं. रेल्वेमुळे त्या रुग्णालयाची वाट कल्याणच्या माणसाला पहिल्यांदा एका दिवसात पोचण्याजोगी झाली. मुरबाड-शहापूरच्या आतल्या गावातून बैलगाडीने स्टेशन, तिथून आगगाडीने भायखळा. मोडका हात धोतराच्या झोळीत घालून केलेल्या या प्रवासात स्नायू वाचवायचे ते सहा तास कधीच उलटून जात असत.

रेल्वेने वाट दिली तशी नवी दुखापतही दिली. रूळ टाकताना, डबे जोडताना, चालत्या गाडीत चढताना-उतरताना हात जायबंदी होऊ लागले. पडणारा माणूस स्वतःला सावरायला तळहात पुढे टेकतो. सगळा भार मनगटातून कोपरात येतो आणि रेडियसची टोपी किंवा दंडाच्या हाडाचं खालचं टोक फुटतं. इंग्लंडात याच काळात अशा अपघातांतून एक मोठी व्यवस्था जन्माला आली. मँचेस्टर जहाज कालव्याच्या खोदकामावर हजारो मजूर होते. तिथे 1888 मध्ये रॉबर्ट जोन्स या तरुण डॉक्टरची नेमणूक झाली आणि त्याने कालव्याच्या काठाने जखमींसाठी रुग्णालयांची साखळी उभी केली. जोन्स ज्याच्या हाताखाली शिकला तो लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातला होता. वडिलांची पिढीजात विद्या आणि वैद्यकीय पदवी त्याच्यापाशी एकत्र आली, आणि आधुनिक अस्थिरोगशास्त्राचा एक मोठा प्रवाह त्या घरातून निघाला. आपल्याकडे हाडवैद्याचं पोर त्या काळी डॉक्टर होऊ शकलं असतं, तर इथल्या बोटांतल्या विद्येचंही वेगळं काही झालं असतं.

थॉमसचा भर विश्रांतीवर होता. पूर्ण, अखंड, दीर्घ विश्रांती. फ्रान्समध्ये ज्यूस्त ल्यूका-शांपियोनिएर याच्या उलट सांगत होता: मोडलेल्या हाताला लवकर हालवा, हलका मसाज द्या, नाहीतर हाड जुळेल आणि हात जाईल. 1895 मध्ये त्याचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये व्हिल्हेल्म राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि मोडलेलं हाड कातडीआडून दिसू लागलं. तरी कोपरापुढे डॉक्टर बराच काळ हतबल राहिले. दंडाच्या हाडाचं टोक चार-पाच तुकड्यांत फुटलं तर ते जुळवणं अशक्यच, असं धरून 1937 मध्ये ईस्टवुड या इंग्लिश शल्यविशारदाने वेगळी वाट सुचवली. तुकडे जुळवायच्या भानगडीत पडायचं नाही. हात गळपट्टीत ठेवायचा आणि लवकर हलवायला लावायचं. या रीतीला ‘हाडांची पिशवी’ असं नाव पडलं. एक्स-रे भयंकर दिसे, पण हात बऱ्यापैकी चाले. फार थकलेल्या, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांसाठी डॉक्टर आजही हा मार्ग घेतात.

या पट्ट्यातल्या माणसासाठी उपचार हळूहळू रूळांच्या कडेने घराजवळ सरकत आले. परळला 1926 मध्ये केईएम रुग्णालय उघडलं. 1947 मध्ये शीवला लष्कराच्या जुन्या बराकींत एक रुग्णालय सुरू झालं, आजचं लोकमान्य टिळक रुग्णालय. ठाण्याकडून येणाऱ्या जखमीला मुंबईत शिरताच भेटणारं हे पहिलं मोठं दार. ठाण्यात विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचं जिल्हा रुग्णालय होतं. गावकऱ्यांच्या तोंडी ते कायम ‘सिव्हिल’च. कल्याणला रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीला पुढे शास्त्रीनगर. पोर शाळेत पडलं की आधी इथे, आणि ‘हे आमच्याकडे होणार नाही’ असं ऐकलं की चिठ्ठी घेऊन गाडीने शीव किंवा परळ, हा क्रम कल्याण-डोंबिवलीच्या अनेक घरांना पाठ होता.

बांधण्याचं शास्त्र असं जवळ येत असताना सोडण्याचं शास्त्र आलं ते पोलिओमुळे. मुंबईत 1947 मध्ये फातिमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता आणि तिच्यासाठी शोधलेला मार्ग त्यांनी इतरांच्या मुलांसाठी खुला केला. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएममध्ये फिजिओथेरपीचं विद्यालय उभं राहिलं, देशातलं पहिलं. 1955 मध्ये हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली. लुळ्या पायांना पुन्हा कामाला लावायला शिकलेले हे हात मग मोडून आखडलेल्या कोपरांकडेही वळले. पिढ्या बदलल्या, पोलिओ गेला, आणि आज डोंबिवलीच्या जवळपास प्रत्येक गल्लीत फिजिओथेरपीची पाटी दिसते.

1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. लेथ, प्रेस, पट्ट्यांवर फिरणारी यंत्रं. बाही अडकली की हात ओढला जायचा. विमा योजनेतल्या कामगारांसाठी वागळे इस्टेटमध्येच कामगार रुग्णालय झालं. हाताच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाला हाड जुळलं एवढं पुरत नाही. फिटरला पाना वर ओढता आला पाहिजे, शिंप्याला कात्री चालवता आली पाहिजे, हमालाला गोणी खांद्यावर घेता आली पाहिजे. कोपर किती वळतं हा प्रश्न इथे रोजीचा होता.

किती वळलं म्हणजे पुरे, याचं मोजमाप 1981 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मॉरी आणि सहकाऱ्यांनी केलं. जेवणं, केस विंचरणं, दार उघडणं अशी रोजची कामं करताना कोपर किती अंशांत फिरतं हे मोजल्यावर निष्कर्ष निघाला तो असा: 30 अंशांपासून 130 अंशांपर्यंत वाकणं, आणि तळहात वर-खाली दोन्हीकडे 50-50 अंश फिरणं. एवढ्यात बहुतेक आयुष्य मावतं. मराठी घरातली कामं या मापावर ठेवून पाहता येतात. अंबाडा घालायला आणि मंगळसूत्राची कडी मागे अडकवायला वाकणं लागतं. भाकरी थापताना, लोकलची कडी धरताना सरळ होणं लागतं. सुट्टे पैसे तळहातावर घ्यायला पंजा वर वळावा लागतो. यातलं एक जरी गेलं तरी माणूस दिवसातून दहादा अडतो.

मोडलेलं कोपर लवकर हलवायचं असेल तर आतले तुकडे इतके घट्ट धरले पाहिजेत की हालचालीने ते सुटू नयेत. 1958 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या काही शल्यविशारदांनी एकत्र येऊन एओ नावाचा गट काढला, त्याच्या मुळाशी हा विचार होता. मॉरिस म्युलर त्यांच्यातला एक अग्रणी. त्यांची सूत्रं चार: तुकडे मूळ जागी बसवा, पक्के धरा, त्यांचा रक्तपुरवठा सांभाळा आणि रोग्याला लवकर हालचाल करायला लावा. चौथं सूत्र साधायचं म्हणून आधीची तीन. 1960पासून दावोसला या गटाचे वर्ग भरू लागले आणि प्लेट, स्क्रू, तारांची ही विद्या जगभर गेली. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती, मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्यांनी हाडांच्या शस्त्रक्रियेच्या पिढ्या घडवल्या. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी तर बारीक तारा, सळ्या आणि जोडण्यांची स्वतःचीच एक बाहेरून बसवायची चौकट तयार केली. ती जोशींच्या नावानेच, ‘जेस’ म्हणून ओळखली जाते. हात, पाय आणि आखडलेलं कोपर ताणून सोडवायलाही ती वापरतात. हलकी, स्वस्त आणि आपल्या माणसांच्या खिशाचा विचार केलेली.

ठाण्यातल्या एखाद्या शस्त्रक्रियागृहात फुटलेल्या कोपराचं काम जवळून पाहिलं तर या चार सूत्रांचा अर्थ कळतो. खांद्याजवळच्या नसांत भूल देतात किंवा पूर्ण भूल. रोग्याला कुशीवर वळवतात आणि हात एका उशीवरून खाली लोंबता ठेवतात. चीर मागून. हाडाकडे जाण्याआधी शल्यविशारद शोधतो तो करंगळीचा मज्जातंतू. तो सापडला की त्याला मऊ पट्टीत अलगद बाजूला धरून ठेवतात, आणि पुढचा तास-दीड तास सगळ्यांचं एक लक्ष त्याच्यावर असतं. आतले तुकडे नीट दिसावेत म्हणून कधी अल्नाचं टोक करवतीने इंग्रजी व्ही आकारात कापून वर उलटतात. मग फुटलेल्या बांगडीचे तुकडे जुळवावेत तशी रिळाची कड जुळवायची. तात्पुरत्या तारांनी धरायची. दोन्ही बाजूंच्या खांबांवर हाडाच्या आकाराला वळवलेल्या दोन प्लेट बसवायच्या आणि स्क्रू असे मारायचे की ते एकमेकांत गुंतून मधली कमान पेलतील.

कापलेलं टोक परत बसवताना बहुधा दोन सरळ तारा आणि त्यांभोवती इंग्रजी आठाच्या आकाराची एक तार पिळतात. यातली युक्ती साधी आहे. हात वाकवताना मागचा स्नायू टोकाला वर खेचतो आणि फट उघडू पाहतो. मागून आवळलेली तार ती ओढ अडवते आणि तीच ओढ सांध्याच्या बाजूला दाब होऊन हाड मिटवते. म्हणजे इथे हालचालीनेच जोड घट्ट होत जातो. पडून नुसतं अल्नाचं टोक तुटलं असेल तर पुष्कळदा एवढ्या तारांवरच काम भागतं.

टाके घालण्याआधीची दोन मिनिटं सगळ्यात मोलाची. शल्यविशारद कोपर पूर्ण सरळ करतो, पूर्ण वाकवतो, पंजा फिरवतो, आणि जोडलेलं काही हलतंय का ते पाहतो. हलत नसेल तर बाहेर थांबलेल्या घरच्यांना तो सांगू शकतो: परवापासून व्यायाम सुरू.

लहान मुलांची कथा वेगळी. मे महिन्यातलं आंब्याचं झाड, संक्रांतीची गच्ची, बागेतला झोपाळा, सोसायटीच्या आवारातली सायकल. पाच ते सात वर्षांची मुलं हातावर पडतात आणि दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं. मुलांच्या कोपरातलं हेच सर्वाधिक दिसणारं फ्रॅक्चर. 1959 मध्ये जॉन गार्टलँड या अमेरिकन शल्यविशारदाने त्याच्या तीन पायऱ्या केल्या, आणि डॉक्टर आजही ‘टाइप थ्री आहे’ म्हणतात ते त्याच्याच हिशेबाने. नुसतं ओढून प्लास्टर घातलं तर हाड पुन्हा सरकायचं, किंवा सरकू नये म्हणून हात जास्त वाकवला की नाडी बंद व्हायची. 1948 मध्ये स्वेन्सनने कातडीतूनच बारीक तारा मारून हे हाड धरायचा मार्ग मांडला. सी-आर्म यंत्राने पडद्यावर हाड चालू दिसायला लागलं तशी ही शस्त्रक्रिया छोट्या रुग्णालयांच्या आवाक्यात आली. आज कल्याण-डोंबिवलीत ‘अ‍ॅक्सिडेंट व मॅटर्निटी’ अशी जोडपाटी असलेल्या, नवरा हाडांचा आणि बायको बाळंतपणाची डॉक्टर अशा नर्सिंग होममध्येही ती होते. चीर नाही, टाके नाहीत. दोन-तीन तारा, वर कच्चं प्लास्टर, तीन-चार आठवड्यांनी तारा बाहेर. पुढे बहुतेक मुलांना वेगळ्या व्यायामाची गरजच लागत नाही. खेळता खेळता हात मोकळा होतो.

त्या पहिल्या रात्री मात्र आईवडिलांना जागं राहावं लागतं. बोटं गार पडली, पांढरी किंवा निळसर झाली, मुंग्या आल्या, औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, किंवा बोटं हलकेच सरळ केली तरी पोर किंचाळलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. प्लास्टर सैल करायला तात्काळ रुग्णालय गाठायचं. फोल्कमानने सांगितलेला धोका आजही याच खुणांनी ओळखतात.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. प्लास्टर निघतं, हात वळत नाही, आणि घरातलं कुणी मोठं माणूस तिळाचं तेल गरम करून चोळायला बसतं. कुणी ‘जरा दुखेल’ म्हणत हात जोर लावून सरळ करतं. कोपर हे सहन करत नाही. मार लागलेल्या पुढच्या स्नायूत, चोळण्याने आणि झटक्याने पुन्हा रक्त साचतं आणि तिथे चक्क हाड तयार होऊ लागतं. मग सांधा कुलूप लावल्यासारखा बंद होतो आणि तो उघडायला दुसरी शस्त्रक्रिया. ल्यूका-शांपियोनिएरच्या हलक्या मसाजातून पुढच्या पिढ्यांनी कोपरापुरता घेतलेला धडा असा: हालचाल लवकर, पण रोग्याच्या स्वतःच्या ताकदीने. दुसऱ्याच्या जोराने नाही.

पाठीवर झोपायचं, दंड उभा धरायचा आणि पंजा आपल्या भाराने कपाळाकडे येऊ द्यायचा, वाकण्यासाठी. टेबलावर टॉवेल ठेवून त्यावरून हात पुढे सरकवायचा, सरळ होण्यासाठी. कोपर कमरेशी धरून मुठीत लाटणं घ्यायचं आणि ते डावी-उजवीकडे कलतं करायचं, पंजा फिरण्यासाठी. चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला हलकी मदत चालते. दर दोन-तीन तासांनी दहा-दहा वेळा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर जरा कमी. वजन मात्र हाड जुळल्याशिवाय नाही, म्हणजे सहा ते बारा आठवडे. मोठ्या माणसाच्या कोपराचं पहिल्या सहा आठवड्यांत जे मिळतं त्यावर पुढचं बरंच ठरतं, म्हणून फिजिओथेरपिस्ट याच दिवसांत मागे लागतात.

ठाण्याला स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय 1992 मध्ये मिळालं. महापालिकेच्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडलेलं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय. तेव्हापासून शीवपर्यंतची धाव पुष्कळांची वाचली. दहीहंडीच्या दिवशी या रुग्णालयांच्या अपघात विभागांना उसंत नसते. ऑगस्ट 2012 मध्ये ठाण्यातच जय जवान पथकाने नऊ थर रचून 43.79 फुटांचा गिनेस विक्रम केला, आणि थरांच्या या चढाओढीचा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवण्यावर बंदी आली. वरून पडणारा गोविंदाही तळहात पुढे करतो, आणि मोडतं ते मनगट किंवा कोपर.

शस्त्रक्रियेचा खर्च हा मोठा अडसर होता. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. ठाणे त्यांत नव्हतं. 21 नोव्हेंबर 2013 रोजी ती राज्यभर लागू झाली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. पिवळी-केशरी शिधापत्रिका असलेल्या घरांसाठी प्लेट आणि स्क्रू आवाक्यात आले. उरला तो नंतरचा खर्च. टिटवाळ्याच्या चाळीतल्या बाईला आठवड्यातून तीनदा कळव्याला फिजिओथेरपीला यायचं तर गळ्यात झोळी अडकवलेला हात गर्दीत सांभाळायचा, रिक्षाचे पैसे द्यायचे आणि घरकामाच्या तीन खाड्यांचे पैसे सोडायचे. शस्त्रक्रिया उत्तम झालेली आणि तरीही काटकोनात अडकलेली कोपरं पुष्कळदा अशा हिशेबातून येतात. घराजवळच्या नागरी आरोग्य केंद्रात, आठवड्यातले दोन दिवस का होईना, फिजिओथेरपिस्ट बसला तर यातली कितीतरी वाचतील.

तोवर फिजिओथेरपिस्ट आपल्या परीने मार्ग काढतात. पहिल्या भेटीत घरी करायच्या व्यायामांची चित्रं कागदावर काढून देतात, घरातल्या एका माणसाला समोर बसवून शिकवतात, पुढच्या वेळी कोनमापक लावून आकडा त्याच कागदावर लिहितात. मागच्या आठवड्यात 95, या आठवड्यात 108. सुरुवातीला हातात स्पंजचा चेंडू. मग पाण्याची अर्धी भरलेली बाटली. हाड जुळल्याचा एक्स-रे आला की भरलेली, आणि काही दिवसांनी दोन किलो तांदळाची पिशवी. मातीचा गोळा, मिठाचा खडा, दगड: त्याच चढत्या क्रमाने. शेवटच्या भेटीत दाराच्या चौकटीला हात वर लावायला सांगतात आणि कोपर कुठवर सरळ होतं ते पाहतात. चौकटीवर बोटं टेकली की कागदाच्या खाली लिहितात: आता लोकलची कडी धरायला हरकत नाही, आधी दुपारच्या गाडीत, गर्दी नसताना.